अक्षर मुलाचं, जाब आईला



शाळेतून चिठ्ठी येते. ‘अक्षर वाचता येत नाही, वह्या अपुऱ्या, जागेवर बसत नाही, शेजारच्याला मारतो. पालकांनी भेटावे.’ पालक म्हणजे कोण, हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. कामावर खाडा करून जाते ती आईच. तिथे तिला ऐकवतात, ‘तुमचं लक्ष नाही.’ घरी ऐकवतात, ‘नोकरी करतेस म्हणून पोर बिघडलं.’ आपल्या गटांच्या बैठकांत हे बोलणं वारंवार निघतं आणि घरचं गाऱ्हाणं म्हणून मागे पडतं. माझ्या मते तो चळवळीचा प्रश्न आहे.

लिहिणं हे नुसतं बोटांचं काम नाही. पाठ ताठ धरणं, खांदा स्थिर ठेवणं, पेन्सिलीवर दाब किती द्यायचा याचा अंदाज, डोळ्यांनी पाहिलेलं हाताने उतरवणं, हे सारं एकाच वेळी जमावं लागतं. त्यात आपली लिपी : काना, वेलांटी, जोडाक्षरं, वर शिरोरेषा. शंभरातल्या पाच-सहा मुलांच्या हालचालींचा मेळ वयाच्या मानाने मागे असतो. असं मूल दोन ओळी उतरवतं, तोवर फळा पुसला जातो. रोज हेच घडलं की ते चुळबुळतं, पळतं, वही फाडतं. ‘ढ’ म्हणवून घेण्यापेक्षा ‘मस्तीखोर’ म्हणवून घेणं त्याला परवडतं. मुली बहुधा गप्प बसतात. त्यांची चिठ्ठीही येत नाही. ‘हिला अभ्यासात गती नाही’ एवढाच शेरा मिळतो.

इथे ऑक्युपेशनल थेरपिस्टचं काम सुरू होतं. या शिक्षणाची भारतातली पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाली, ती कमला निंबकर या बाईंच्या खटपटीने. थेरपिस्ट मुलाला वर्गात पाहते. पाय जमिनीला टेकतात का, पेन्सिल कशी धरतो, कधी उठतो. मग उपाय सुचवते : पायाखाली पाट, तिकोनी पेन्सिल, ठळक रेघांची वही, निम्मा मजकूर, तोंडी उत्तराची मुभा. मध्येच उठण्याचं हक्काचं काम, जसं फळा पुसणं किंवा वह्यांचा गठ्ठा नेणं. शिवाय लिहिण्याचा थोडा पण नियमित सराव. नुसते मणी ओवून अक्षर सुधारत नाही. कुणी दाखवलं तर यातलं बरंच काही बाईंना भरल्या वर्गातही जमतं.

हाताला ताकद यावी म्हणून ती कणीक मळायला, मटार सोलायलाही सांगते. मुलाच्या बाबतीत हे सांगितलं की घरात वादळ : ‘पोराला बायकांची कामं?’ आणि ज्या मुली लहानपणापासून हेच करतात, त्यांना वही उघडायला वेळ मिळत नाही.

हे सगळं शाळेतच का हवं? दवाखान्यात न्यायचं तर आईची मजुरी बुडते, भाडं वेगळं. घरचा सरावही तिनेच घ्यायचा. म्हणजे आणखी एक बिनपगारी काम. अमेरिकेत १९७५ च्या कायद्याने अपंग मुलांना लागणारी ही थेरपी सरकारी शाळांच्या जबाबदारीत आली. आपल्याकडे १९९५ च्या अपंग कायद्यात अध्ययन-अक्षमता नव्हतीच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती आली. डिसग्राफिया आणि डिसप्रॅक्सिया ही नावंही आली. मुलांच्या अशा अडचणी लवकर ओळखून उपाय व्हावेत, असं कलम १६ सांगतं. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकाची तरतूद आहे. मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंद केलं. तरी साध्या मराठी शाळेत थेरपिस्ट दिसणं विरळाच.

काही मैत्रिणींना भीती वाटते की प्रत्येक खोडकर मुलावर शिक्का बसेल. भीती रास्त आहे. पण पाट, पेन्सिल आणि कमी मजकूर यांना प्रमाणपत्र लागत नाही. मदत आधी, कागद नंतर, असा आग्रह आपण धरू.

त्याच कायद्याप्रमाणे सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्या खुर्च्यांवर आपल्याच गटांतल्या बाया आहेत. बऱ्याचदा नुसत्या सहीपुरत्या. पुढच्या सभेत त्यांनी तीन मागण्या लिहून द्याव्यात : केंद्रातल्या शाळा मिळून एक थेरपिस्ट, शिक्षकांना प्रशिक्षण, आणि आई-वडील दोघांच्या नावाने चिठ्ठी.

मागणी दिल्यावर काय उत्तर मिळालं, ते आम्हाला जरूर कळवा. ‘निधी नाही’ हे उत्तर मिळालं तर तेही लेखी घ्या आणि पाठवा. पुढच्या अंकात सगळी उत्तरं एकत्र छापू आणि तो अंक घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाऊ.