गोगलगायीच्या पोटातील तिजोरी

सोन्याच्या व्यवहारात वावरलेल्या कुटुंबांना ‘केडीएम’ ही तीन अक्षरे नव्याने सांगावी लागत नाहीत. एके काळी ती पेढीच्या पाटीवर अभिमानाने मिरवत असत. दागिन्याचे दोन भाग जोडण्यासाठी जो टाका लागतो, तो सोन्याहून कमी उष्णतेवर वितळला पाहिजे. पूर्वी त्यासाठी सोन्यात तांबे व चांदी मिसळत. टाका वाढला की दागिन्याचा कस उतरे आणि मोडीच्या वेळी ग्राहक व सराफ यांच्यात त्यावरून कुरबुर होई. सोन्यात थोडे कॅडमियम मिसळून केलेल्या टाक्याने ही अडचण दूर केली. सोने वितळण्यास १०६४ अंश सेल्सियस उष्णता लागते. कॅडमियम ३२१ अंशांना वितळते आणि ७६७ अंशांना उकळते. ज्योतीखाली टाका वाहतो, सांधा बसतो आणि कॅडमियमचा बराच भाग वाफ होऊन उडून जातो. दागिन्याचा कस टिकतो. उडून गेलेली वाफ कोठे जाते, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. ती ज्योतीवर वाकलेल्या कारागिराच्या श्वासात जाते.

शरीरात शिरलेल्या बहुतेक विषांचा निकाल लावण्याची रीत ठरलेली आहे. यकृत त्यांचे रेणू फोडते, त्यांचे रूप पालटते आणि उरलेले अंश मूत्रावाटे अथवा पित्तावाटे बाहेर जातात. कॅडमियमपुढे ही रीत चालत नाही, कारण ते मूलद्रव्य आहे. मूलद्रव्य शरीरात फुटत नाही, जळत नाही, कुजत नाही. त्याला बाहेर घालवावे किंवा कोठेतरी बांधून ठेवावे, एवढेच शरीराच्या हाती उरते. घालवणेही सोपे नाही, कारण कॅडमियम दुसऱ्याच्या वेषात वावरते. त्याचा आयन आकाराने जवळजवळ कॅल्शियमच्या आयनाएवढा असतो आणि रासायनिक कुळाने ते जस्ताचे भावंड आहे. त्यामुळे कॅल्शियम व जस्त यांच्यासाठी पेशीने उघडी ठेवलेली दारे त्यालाही मिळतात. आत आल्यावर ते जस्ताची जागा अडवते आणि जस्ताचे काम मात्र करीत नाही.

उरतो तो बांधून ठेवण्याचा मार्ग. त्याचा पहिला धागा १९५७ साली सापडला. मार्गोशेस आणि वॅली या दोन अमेरिकी संशोधकांनी घोड्याच्या मूत्रपिंडातून एक प्रथिन वेगळे केले, ज्यात कॅडमियम घट्ट धरलेले होते. १९६० मध्ये कॅगी आणि वॅली यांनी त्याला ‘मेटॅलोथायोनीन’ हे नाव दिले; धातू आणि गंधक या दोन्हींचा निर्देश त्या नावात आहे. चांदीची भांडी कपाटात पडल्या पडल्या का काळवंडतात, हे ठाऊक असलेल्यास या प्रथिनाची किमया समजण्यास वेळ लागणार नाही. हवेतील गंधकयुक्त वायू चांदीला चिकटतो, त्याचाच तो काळा थर असतो. अनेक धातूंची गंधकाशी अशीच गाठ पडते. मेटॅलोथायोनीनमध्ये सिस्टीन नावाचे गंधकयुक्त अमिनो आम्ल विलक्षण दाटीने येते. माणसाच्या शरीरातील हे प्रथिन जेमतेम साठ अमिनो आम्लांचे, आणि त्यांतील वीस सिस्टीन. या वीस गंधकांच्या मुठीत जस्ताचे किंवा कॅडमियमचे सात आयन मावतात. तांबेही त्यात बसते. म्हणजे ही वखार एकच. उपयोगाचा माल आणि विषारी माल एकाच छपराखाली.

गोगलगायीने येथे निराळी वाट काढली.

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण मराठीत वरून गरीब आणि आतून बिलंदर अशा माणसासाठी वापरली जाते. प्राणिशास्त्रानेही या वर्गाला ‘उदरपाद’ असेच नाव दिले आहे, कारण तिचा पाय खरोखरच पोटाच्या बाजूस असतो. पोटात आणखीही काही आहे, याचा शोध ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे लागला. राइनहार्ट डालिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोमन गोगलगाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हेलिक्स पोमॅशिया या युरोपीय जातीचा अभ्यास केला आणि १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. ज्या कॅगींनी या प्रथिनाच्या नामकरणात भाग घेतला होता, तेही या कामात सहभागी होते. या गोगलगायीच्या शरीरात दोन वेगवेगळी मेटॅलोथायोनीने असतात, असे त्यांना आढळले. एक पाचकग्रंथीत असते आणि ते कॅडमियम धरते. दुसरे कवचाखालच्या प्रावरणात असते आणि ते तांबे धरते. तिसरे एक रूपही अत्यल्प प्रमाणात सापडते, जे दोन्ही धातू घेते. परंतु मुख्य व्यवहार पहिल्या दोहोंचाच.

तांब्यासाठी स्वतंत्र सोय का, याचे उत्तर गोगलगायीच्या रक्तात आहे. माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहणारा धातू लोह. रोमन गोगलगायीत ते काम तांबे करते. तिच्या रक्तातील हीमोसायनिन या प्रथिनात प्राणवायूच्या प्रत्येक रेणूसाठी तांब्याचे दोन अणू असतात, आणि प्राणवायू घेतला की ते रक्त निळसर होते. तांबे तिच्यासाठी श्वासाइतके निकडीचे आहे. तथापि मोकळे तांबे पेशीला घातकच असते. म्हणून रंध्रपेशी म्हणता येतील अशा विशिष्ट पेशींमध्ये ते प्रथिनाच्या ताब्यात राहते आणि हीमोसायनिन घडते तेही याच पेशींत. अशा व्यवस्थेत कॅडमियम शिरले असते तर श्वासाच्या कामासाठी राखलेली जागा विषाने अडवली असती.

आता खरा कठीण प्रश्न. कॅडमियम आणि तांबे दोन्ही गंधकाला चिकटणारे. मग एक प्रथिन एकालाच आणि दुसरे दुसऱ्यालाच कसे निवडते? दोन्ही प्रथिनांची मोजदाद केली तर फरक डोळ्यात भरत नाही. कॅडमियमचे प्रथिन ६६ अमिनो आम्लांचे, तांब्याचे ६४ अमिनो आम्लांचे. दोहोंत सिस्टीन अठराच, आणि साखळीतील त्यांच्या जागाही जवळजवळ त्याच. तरीही पहिले कॅडमियमचे सहा आयन घेते आणि दुसरे तांब्याचे बारा. ही निवड गंधकाच्या हातांनी होत नाही. ती हातांच्या मधल्या कड्यांमुळे होते. दोन सिस्टीनांच्या दरम्यान जी इतर अमिनो आम्ले आहेत, ती दोन प्रथिनांत भिन्न आहेत. त्यांच्यामुळे साखळी कशी वळते आणि गंधकाचे हात कोणत्या अंतरावर व कोणत्या कोनात येतात, हे बदलते. कॅडमियमला चार बाजूंनी चार गंधक हवे असतात. तांब्याला त्याहून कमी पुरतात. ज्यांच्याकडे वरवर पाहता केवळ भरताड म्हणून दुर्लक्ष व्हावे, त्या कड्यांनीच मालाची पारख केली. या सगळ्या कथेत याहून सुंदर गोष्ट दुसरी नाही.

दोघांच्या कामाची रीतही एक नाही. गोगलगायीच्या अन्नात कॅडमियम आले की पाचकग्रंथी कॅडमियमचे प्रथिन जोमाने बनवू लागते. मागणी आली की पुरवठा, असा तो हिशेब. तांब्याचे प्रथिन मात्र कॅडमियम आले म्हणून वाढत नाही. ते आपले काम नित्य पातळीवर करीत राहते.

एवढी नेटकी सोय जन्माला आली कशी? कॅडमियम माणसाला १८१७ मध्ये समजले. जर्मनीत श्ट्रोमायर यांना ते जस्ताच्या खनिजातील भेसळ म्हणून सापडले. कारखाने त्याच्याही नंतरचे. परंतु पृथ्वीच्या कवचात ते अल्प प्रमाणात पहिल्यापासूनच आहे. जस्ताच्या सोबत खडकात असते, ज्वालामुखीतून बाहेर पडते, समुद्रात फॉस्फेटच्या मागोमाग फिरते. उदरपाद प्राण्यांचा वंश सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वी समुद्रात सुरू झाला, तेव्हाही पाण्यात कॅडमियम होतेच. पुढे त्यांतील काही जमिनीवर आले. कुजलेली पाने आणि माती यांवर जगणारा, कवचासाठी सतत कॅल्शियम शोधणारा आणि विषारी जागा सोडून पळू न शकणारा हा जीव कॅडमियमला चुकवणार तरी कसा?

उत्क्रांतीची रीत येथे जुन्या पेढीसारखीच दिसते. वंशात कधीतरी एखाद्या जनुकाची चुकून नक्कल होते. दोन प्रती झाल्या की एक प्रत जुने काम सांभाळते, आणि दुसरीत होणारे लहान लहान बदल जीवावर न बेतता टिकू शकतात. पिढ्यानुपिढ्या त्यांतील उपयुक्त बदल राहतात. एकाच चोपडीतून दोन खाती निघावीत, तशी एका प्रथिनातून कॅडमियमची आणि तांब्याची अशी दोन प्रथिने निघाली. कधी संपूर्ण जनुकाची नक्कल न होता त्याच्या एका भागाचीच होते. युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहणाऱ्या लिटोरिना या सागरी गोगलगायीचे प्रथिन याचे उदाहरण आहे. हेलिक्सच्या प्रथिनाचे दोन कप्पे असतात आणि प्रत्येकात तीन आयन मावतात. लिटोरिनाने तिसरा कप्पा जोडून नऊ आयनांची सोय केली.

या व्यवस्थेला सर्वथा निर्दोष म्हणता येत नाही. बांधलेले कॅडमियम नाहीसे झालेले नसते. ते गोगलगायीच्या पाचकग्रंथीत साठत राहते, आणि तिला दगडावर आपटून फोडणारा युरोपातील थ्रश पक्षी ते आपल्या पोटात घेतो. तिजोरीची मालकी बदलते, एवढेच. परिसरातील धातूंचे प्रदूषण ओळखण्यासाठी युरोपात गोगलगायींचा उपयोग केला जातो, तोही याच साठवणीमुळे. हे ज्ञान मिळवताना प्रयोगशाळेत असंख्य गोगलगायींचे प्राण गेले, हेही येथे झाकून ठेवण्याचे कारण नाही.

माणसाच्या एकाच वखारीचे काय होते, हे जपानमध्ये दिसले. तोयामा प्रांतातील जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची खाण होती. तिचे कॅडमियम नदीत, नदीतून भातखाचरांत आणि भातातून माणसांत गेले. विशेषतः प्रौढ व वृद्ध स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की हालचाल करताच ती मोडत. ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखते, दुखते’, हेच त्या रोगाचे नाव पडले. १९६८ मध्ये जपान सरकारने कॅडमियमचे प्रदूषण हे त्याचे कारण असल्याचे मान्य केले. हाडांपर्यंतचा हा मार्ग मूत्रपिंडातून जातो. यकृतात मेटॅलोथायोनीनने बांधलेले कॅडमियम हळूहळू रक्तात येते. प्रथिन लहान असल्याने मूत्रपिंडाच्या गाळणीतून ते सहज पार होते, आणि पुढच्या नलिका त्याला उपयोगी वस्तू समजून परत आत ओढून घेतात. तेथे प्रथिन मोडते आणि कॅडमियम मोकळे होते. नलिकेच्या पेशी नवे प्रथिन बनवून त्याला पुन्हा बांधतात. जोवर त्यांची शक्ती पुरते, तोवर निभावते. ती संपली की नलिका खचतात आणि शरीराला हवी असलेली द्रव्ये मूत्रावाटे वाहून जाऊ लागतात. गोगलगायीने विष पाचकग्रंथीतच अडवले. माणसाच्या देहाने ते आपल्या सर्वांत नाजूक गाळणीपर्यंत स्वतःच पोहोचवले.

मूत्रपिंडात बसलेले कॅडमियम निम्मे होण्यास दहा ते तीस वर्षे लागतात, आणि ते खात्रीने बाहेर काढणारे औषध वैद्यकाला गवसलेले नाही. तंबाखूचे पान मातीतील कॅडमियम सहज शोषते, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातील साठा इतरांहून बराच अधिक असतो. शरीरात लोह कमी असेल तर आतडे कॅडमियम जास्त ओढते.

हॉलमार्कच्या व्यवस्थेत कॅडमियमच्या टाक्याला जागा नाही, आणि जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने बंधनकारक झाले. अनेक कारखान्यांतून तो टाका त्याच्याही आधी गेला होता. परंतु ज्यांनी पंधरा-वीस वर्षे बंद खोलीत, खिडकीचा पंखाही नसताना तो वितळवला, त्यांच्या बाबतीत टाका बदलल्याने हिशेब पुरा होत नाही. मूत्रातील कॅडमियम आणि बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन या दोन तपासण्यांतून नलिकांची स्थिती कळू शकते, आणि दुखणे जाणवण्याच्या आधी कळू शकते. अशा कारागिरांपैकी कित्येक आज निवृत्त होऊन आपल्या गावी परतले आहेत. ज्या पेढ्यांसाठी त्यांनी काम केले, त्यांच्या जुन्या मजुरीच्या वह्यांत त्यांची नावे व पत्ते अद्याप असतील.