न मागता मिळालेला मान

आषाढ लागला, की आमच्या शेलू गावच्या खाचरांत भाताची लावणी सुरू होते. चिखलात वाकलेल्या माणसांत गोरा कोण आणि काळा कोण, हे तेव्हा कोणी विचारीत नाही. हात कोणाचा चपळ, एवढेच पाहतात. पण तीच माणसे हातपाय धुऊन लग्नाची बोलणी करावयास बसली, म्हणजे मुलीच्या गुणांआधी तिचा रंग विचारतात. असे का व्हावे?

विद्यार्थी मित्रहो, इतरांना दोष देण्यापूर्वी माझीच एक चूक तुम्हांस सांगितली पाहिजे. मी शिक्षक असताना स्नेहसंमेलनासाठी महाभारतातील एक प्रवेश बसवीत होतो. द्रौपदीच्या भूमिकेसाठी दोन मुली पुढे आल्या. एकीचे उच्चार स्वच्छ होते, आवाज खणखणीत होता. पण ती वर्णाने काळी होती. दुसरी अडखळत बोले. पण ती गोरी होती. मी दुसरीला द्रौपदी केले आणि पहिलीला दासी. तालीम संपल्यावर ती हळूच माझ्याजवळ आली व म्हणाली, "सर, माझे पाठांतर कुठे चुकले का?"

मला उत्तर देता आले नाही. घरी जाताना आठवले, की द्रौपदीचे एक नाव कृष्णा, म्हणजे सावळी, असे आहे. वर्गात हे मीच शिकवीत असे! तरीही भूमिका बदलण्याचे धैर्य मला झाले नाही.

रंग म्हणजे तरी काय? आपल्या त्वचेत मेलॅनिन नावाचे एक द्रव्य असते. ते अधिक असले, की त्वचा काळी दिसते. आणि तेच द्रव्य प्रखर उन्हापासून त्वचेचे रक्षण करते. रंग आपल्याला आईवडिलांकडून मिळतो. जे आपण कमावले नाही, त्याचा गर्व कशाला आणि त्याची लाज तरी कशाला?

कोणी म्हणेल, "त्या गोऱ्या मुलीचा काय अपराध?" अपराध तिचा नव्हता, तो माझा होता. पण तिला न मागता एक मान मिळाला होता, आणि तो तिला ठाऊकही नव्हता. उल्हास नदीत प्रवाहाबरोबर पोहणाऱ्याला वाटते, आपल्याच हातांत मोठे बळ आहे. प्रवाहाचा जोर किती, हे उलट पोहणाऱ्यालाच कळते.

हीच गोष्ट वाढली, म्हणजे केवढा अनर्थ होतो, हे इतिहासात दिसते. अमेरिकेत काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकीत असत. ती प्रथा १८६५ साली घटनादुरुस्तीने बंद झाली. ती मोडण्यासाठी झटलेल्या अमेरिकनांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. सातासमुद्रांपलीकडील त्या दुःखात त्यांना आपल्याकडील जातिभेदाने पिडलेल्यांचे दुःख दिसले. पुढे १८९३ साली, पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असतानाही, मोहनदास गांधींना दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरित्झबर्ग स्थानकावर गाडीतून उतरविण्यात आले. तिकीट खरे होते; पण पाहणाऱ्याने रंग पाहिला.

आपल्या संविधानाच्या १५ व्या कलमाने धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास राज्यसंस्थेला मनाई केली आहे. परंतु खेळात गडी निवडताना, बाकावर शेजारी बसताना, कोणाला टोपणनाव ठेवताना कायद्याचा हात पोहोचत नाही. तेथे आपल्यालाच न्यायाने वागावे लागते. आणि ज्याला मान आपोआप मिळतो, त्यानेच प्रथम विचारले पाहिजे, "हा मला कशामुळे मिळाला? ह्यावर अधिक हक्क दुसऱ्या कोणाचा तर नाही?"

त्या मुलीला द्यावयाचे उत्तर मी आज देतो : "नाही बाळ, तुझे पाठांतर अचूक होते. चुकलो तो मी."