धाम नदीच्या काठावर

सुट्टीत आश्रम बघायला जायचे म्हटल्यावर घरात पहिला प्रश्न अम्मींचा आला, "तिथे आपल्याला अवघडल्यासारखे नाही ना होणार?" प्रश्न रास्त होता. आधी तेच सांगून टाकतो. जेवण शाकाहारी, म्हणजे हलालची काळजी नाही. नमाज आम्ही आमच्या खोलीत पढलो, कोणी वाकड्या नजरेने पाहिले नाही. नालासोपाऱ्याहून दादर, तिथून रात्रीच्या गाडीने वर्धा. उन्हाळ्यात मात्र जाऊ नका, विदर्भाचे ऊन मुलांना सोसत नाही.

सेवाग्राम वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर आहे. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ होई, म्हणून १९४० साली सेवाग्राम झाले. माती, बांबू आणि कौलांची बापू कुटी भर दुपारी पंख्याशिवाय थंड असते. इथल्या प्रार्थनेत सूरह फातिहाही म्हटली जाई. पतियाळाच्या बीबी अमतुस्सलाम याच आश्रमातल्या. १९४७ साली नोआखालीत सलोख्यासाठी त्यांनी दीर्घ उपोषण केले. आपल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे?

तरी सेवाग्राम आता बरेचसे पाहण्याचे ठिकाण झाले आहे. जगण्याचे ठिकाण आम्हाला पवनारला दिसले. धाम नदीच्या काठी विनोबांनी १९५९ साली भगिनींसाठी ब्रह्मविद्या मंदिर काढले. शेती, स्वयंपाक, झाडलोट सगळे त्या स्वतः करतात, 'मैत्री' नावाचे मासिकही काढतात. विनोबा कुराण मुळातून वाचता यावे म्हणून अरबी शिकले होते, आणि निवडक आयतींचे 'कुराण-सार' त्यांनी तयार केले, हे मुलांना तिथे सांगितले तेव्हा ती चकित झाली.

नदीवर उभे राहून धाकट्याने विचारले, "इथे तरी वुजूला भरपूर पाणी घेऊ का?" वाहत्या नदीकाठीही पाणी उधळू नये, ही आपली शिकवण त्याला आठवून दिली. टँकरची वाट पाहणाऱ्या इमारतीतल्या मुलाला ती लगेच पटली. आपली वसईही केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांची होती. तिथल्या विहिरींचे पाणी टँकरने उपसू नये म्हणून फादर दिब्रिटो आणि 'हरित वसई'वाले लोक झगडले, ते फार जुने नाही.

सगळेच पटले असे नाही. आजन्म ब्रह्मचर्य आपल्या दीनमध्ये नाही. आपली परीक्षा संसारातच आहे. भगिनींपैकी बहुतेकींचे वय झाले आहे, पुढे कोण, हाही प्रश्न आहेच. शिवाय दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, त्यांना साधेपणा कसला शिकवायचा, असे आमच्यातल्या एका भाईंनी तिथेच तोंडावर म्हटले. खरे आहे. नाइलाजाने आलेली तंगी आणि ठरवून घेतलेला साधेपणा एक नव्हे.

पण पवनारची एक रीत आमच्या बायकांनी नेमकी उचलली. तिथले निर्णय सर्वसंमतीने होतात. बहुमत नाही, एकीचा नकार असला तर गोष्ट पुढे जात नाही. जी राबते तिला ठरवण्यातही वाटा. आपल्या घरात राबणारी कोण आणि ठरवणारा कोण, हे वेगळे सांगायला नको.

परतीच्या गाडीत भाचीच्या वलीम्याचा विषय निघाला. पाहुणे पाचशे, जेवणात दोन बिर्याण्या, थोडे कर्ज, असे पुरुषांचे जवळजवळ ठरले होते. एरवी गप्प बसणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "माझी संमती नाही." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. दीडशेच्या वर पाहुणे नकोत आणि कर्ज तर मुळीच नको, असे त्यांचे म्हणणे. भाईजान अजून मनधरणी करताहेत. ठराव अडलेलाच आहे.