योग कुणाचा आणि पाठदुखी कुणाची?

जून महिना आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. एक म्हणतो, योग हा ब्राह्मणी धर्माचा भाग आहे, २१ जूनला आपण तिकडे फिरकायचे नाही. दुसरा म्हणतो, योग मुळात बुद्धाचाच, तो पळवला गेला. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस साजरा होऊ लागला. तेव्हापासून हा वाद दरवर्षी नव्याने उगवतो. दोन्ही बाजू अर्धेच वाचून बोलतात, असे माझे मत आहे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या ज्ञानशोधाचा क्रम दिला आहे. त्यात आळार कालामाकडे ध्यान शिकल्याचा भाग आहे. म्हणजे ध्यानाची परंपरा बुद्धांच्या आधीपासून श्रमणांमध्ये होती. बुद्धांनी ती शिकून घेतली, अपुरी वाटली तेव्हा पुढचा रस्ता स्वतः शोधला. गंमत म्हणजे पाली साहित्यात ‘योग’ हा शब्द अनेकदा बंधन या अर्थाने येतो. काम, भव, दृष्टी आणि अविद्या हे ते चार योग. पतंजलीचे योगसूत्र यानंतर कित्येक शतकांनी आले. त्यात मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा हे आपल्या ब्रह्मविहारांतले चारही शब्द आहेत. आसनांवर मात्र जेमतेम तीन सूत्रे! हठयोगाच्या क्रिया शिकवणारा आज ज्ञात असलेला सर्वात जुना ग्रंथ ‘अमृतसिद्धी’ हा अकराव्या शतकातला. तो वज्रयानी बौद्ध वर्तुळात रचला गेला, असे अभ्यासक जेम्स मॅलिन्सन यांनी मांडले आहे. आणि आज घरोघरी माहीत असलेले सूर्यनमस्कार व्यायाम म्हणून गेल्या शतकात औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लोकप्रिय केले. अशा गोष्टीचा सातबारा एकाच्या नावावर कसा निघेल?

सक्तीचा मुद्दा वेगळा आहे. शाळेत मंत्र म्हणायला लावले तर विरोध करायलाच हवा. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक उपासनेला संमतीशिवाय हजर राहायला लावता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८ मध्येच आहे. पण मंत्राला नकार म्हणजे गुडघा वाकवायलाही नकार, असे नव्हे.

मला खरा प्रश्न धरमपेठेत दिसतो. शेजारच्या रामनगरात जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ कित्येक वर्षांपासून विनामूल्य योगवर्ग चालवते. म्हणजे आडवी येते ती फी नव्हे. सकाळी इथली मंडळी चटई घेऊन बाहेर पडतात, तेव्हाच पांढराबोडी आणि फुटाळ्याच्या बाया धुणीभांडी करायला याच गल्ल्यांत शिरत असतात. त्यांच्यातल्या एका ताईला मी योगाचे सुचवले, तर ती म्हणाली, “मॅडम, आम्ही दिवसभर वाकूनच राहतो. अजून किती वाकायचं?”

तिचे बरोबर होते. फरशी पुसताना शरीर एकाच बाजूला, त्याच त्या पद्धतीने वाकते. तिला हवे आहे ते उलट दिशेचे ताणणे आणि थोडी विश्रांती. जुनाट कंबरदुखीवर औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांत अमेरिकेतील फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये योगाचाही समावेश केला. फायदा माफक आहे, चमत्कार नाही. रक्तदाब आणि ताण थोडा कमी व्हायला मदत होते, पण गोळी बंद करायची नाही.

सुरुवात करणाऱ्याने रिकाम्या पोटी दहा-पंधरा मिनिटांपासून सुरू करावे. ताडासन, मार्जारासन, भुजंगासन, शेवटी शवासन आणि शांतपणे श्वास पाहणे, एवढे पुरे. गुडघे दुखत असतील तर वज्रासन टाळून खुर्चीवर बसा. रक्तदाब जास्त असेल तर शीर्षासन नको, श्वास कोंडून धरणेही नको. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारूनच करावे.

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे आणि योगदिनाच्या सामूहिक कार्यक्रमात याची विचारपूस होताना मी पाहिलेली नाही. अशा मुलामुलींसाठी दमछाक आणि शरीरातले पाणी कमी होणे धोक्याचे असते, त्यातून वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यांनी भराभर शंभर सूर्यनमस्कार घालण्याच्या स्पर्धेत उतरू नये. हळूहळू करावे, मध्ये पाणी प्यावे, दुखू लागले की थांबावे. वर्ग घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी कुणाला सिकलसेल आहे का, हे विचारावे, पण सगळ्यांसमोर नको.

आपल्याकडे वस्तीवस्तीत विहार आहेत. सायंकाळच्या वंदनेनंतर सभागृहात दिवे चालूच असतात, सतरंजीही अंथरलेली असते. कामावरून परतलेल्या बायांना तीच वेळ सोयीची आहे. सकाळी सहाची वेळ ठरवली, तर पुन्हा निवृत्त पुरुषच येतील. वंदनेनंतर पंधरा मिनिटे आसने, पाच मिनिटे आनापान, आणि महिन्यातून एकदा रक्तदाब मोजायला एखादी नर्स ताई. युवक मंडळांनी जून संपायच्या आत एका विहारात एवढे सुरू करून पाहावे. मुले सांभाळायला तिथे दोन तरुण हवेत, नाहीतर बाया दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.