रंध्रांचे सामर्थ्य

गाढी नदीच्या खोऱ्यातील नेरे गावी वैशाखाच्या दुपारी माठ भरून ठेवला, तर घटकाभरात त्याचे अंग ओलावते. कारण भाजलेल्या मातीच्या सूक्ष्म रंध्रांतून पाणी झिरपून वाऱ्याला भेटते. सूर्यप्रकाशाने पाण्यातून हायड्रोजन मुक्त करू पाहणारे शास्त्रज्ञ धातूंच्या ऑक्साइडांत अशाच रंध्रांची योजना करतात. १९७२ साली जपानच्या फुजिशिमा व होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या साहाय्याने हे विघटन दाखविले खरे. परंतु तो पदार्थ सूर्यप्रकाशातील जेमतेम ४-५ टक्के अतिनील किरणच शोषतो, आणि प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन पृष्ठभागी पोहोचण्यापूर्वीच पुष्कळदा आपल्या रिक्त स्थानी परततो. रंध्रे त्याची वाट आखूड करतात आणि पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढवितात. पुण्याच्या सी-मेट संस्थेने या क्षेत्रात मोलाचे संशोधन केले आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन अभियानास १९,७४४ कोटी रुपयांची मंजुरी दिली, तीत संशोधनाच्या वाट्याला अवघे ४०० कोटी आले. ही तरतूद वाढावी आणि दीर्घ मुदतीची असावी, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. कारण माठ घडविणाऱ्या हातांना उसंत दिल्यावाचून गार पाणी कोणालाच लाभत नाही.