पश्चिमेचे पाच हजार किलोमीटर



पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून जर्मनीतील फ्रँकफर्ट किती दूर? पृथ्वीच्या गोलावरून सरळ मोजल्यास सुमारे 6,700 किलोमीटर. थेट विमानाला साडेआठ ते नऊ तास. 2008 मध्ये लुफ्तान्साने या दोन शहरांदरम्यान केवळ बिझनेस क्लासचे विमान सुरू केले आणि 2009 मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. ती विमानसेवा पुढे बंद झाली, पण चाकणचा जर्मनीशी व्यवहार वाढतच गेला.

हे अंतर आमच्या घरी मात्र व्रताचा प्रश्न होऊन आले. माझे थोरले बंधू चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतात. काही वर्षांपूर्वी चातुर्मासात त्यांनी गुरुमहाराजांकडून दिग्व्रत घेतले : चारही दिशांना 5,000 किलोमीटर. तेव्हा त्यांच्या व्यापाराचे जग म्हणजे दुबई आणि हाँगकाँग. पुण्याहून दुबई सुमारे 2,000, हाँगकाँग सुमारे 4,200 किलोमीटर. मर्यादा ऐसपैस वाटली. मग जर्मनीच्या खरेदीदाराचे बोलावणे आले. ऑर्डर मोठी होती आणि मालकानेच यावे असा आग्रह होता.

पुतण्या म्हणाला, “पप्पा, दक्षिणेकडे आपण कधी जातच नाही. तिकडचे 1,700 किलोमीटर इकडे वळवा.”

व्यापारी मनाला हे चटकन पटते. एका खात्यातील शिल्लक दुसऱ्या खात्यात वळती करणे हे आपले रोजचेच काम. परंतु तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत नेमका हाच एक आहे : क्षेत्रवृद्धी. वर, खाली व तिरकस दिशेने मर्यादा ओलांडणे हे पहिले तीन, आणि घेतलेल्या मर्यादेचा विसर पडणे हा शेवटचा. विमान नव्हते त्या काळी शास्त्रकारांनी ऊर्ध्व दिशेचाही विचार केला होता. आज आपण सहज दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातो आणि व्रत घेताना ती दिशा उच्चारायला विसरतो.

अंतर कोणते मोजायचे, हाही प्रश्नच. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणारी भारतीय विमाने वळसा घालून जाऊ लागली. शहरे जागची हलली नाहीत. प्रवास मात्र लांबला.

बंधू गेले नाहीत. भागीदार म्हणून पुतण्या गेला. ऑर्डर अपेक्षेच्या निम्मीच मिळाली, आणि वहिनींना ते बरेच दिवस लागून राहिले. बंधू एवढेच म्हणाले, “मर्यादा घेतली तेव्हा ती कधी आडवी येईल असे वाटले नव्हते. आली, म्हणून ती मर्यादा होती हे कळले.”

यंदाच्या चातुर्मासात ज्यांना हे व्रत घ्यायचे आहे, त्यांनी आधी नकाशा समोर ठेवावा. पुढील दहा वर्षांचा व्यापार, परदेशी असलेली मुले-मुली, औषधोपचार यांचा विचार करावा. प्रत्येक दिशेचे व उंचीचे परिमाण, सरळ अंतर की प्रत्यक्ष मार्ग, व्रताचा काळ आणि ठेवायचे आगार हे सारे गुरुमहाराजांना विचारून वहीत लिहून ठेवावे. मर्यादा मोठी घेतली तरी चालेल; एकदा घेतल्यावर मात्र तिची जुळवाजुळव करू नये.