वजिराच्या तिजोरीत काय सापडलं?

गेल्या महिन्यात चेन्नईत घर बदललं. सामान उचलणाऱ्या अण्णांनी पुस्तकांचं खोकं उचलून पाहिलं आणि विचारलं, "यात दगड भरलेत का?" मी हसले, पण मला महमूद गवान आठवला.

गवान मूळचा इराणमधल्या गिलान प्रांताचा. व्यापारासाठी तो बिदरला आला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. बिदर आपल्या लातूर-नांदेडला लागूनच. आजही तिथे मराठी कानावर पडते. १४७२ मध्ये त्याने तिथे तीन मजली मदरसा बांधला. शिकवण्यासाठी दालनं, शिक्षक-विद्यार्थ्यांना राहायला खोल्या आणि एक मोठं ग्रंथालय!

ग्रंथ जमवण्याची ही परंपरा जुनीच. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादमध्ये कागद तयार होऊ लागला. तो चामड्यापेक्षा स्वस्त, त्यामुळे नकला वाढल्या आणि पुस्तकांचे बाजार भरले. तिथल्याच एका पुस्तकविक्रेत्याच्या मुलाने, इब्न अल-नदीमने, ९८७ मध्ये अरबी ग्रंथांची भलीमोठी सूची लिहिली. तिचं नाव 'फिहरिस्त'. आपला 'फेरिस्त' हा शब्द याच घराण्यातला.

गवानचा शेवट मात्र वाईट झाला. दरबारातल्या शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचं बनावट पत्र रचलं. सुलतानाने शहानिशा न करता १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद करवला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की मोठं घबाड मिळेल म्हणून वजिराची संपत्ती तपासली, तर तिजोरीत फारसं काहीच नव्हतं. ग्रंथ होते तीन हजार, पण तेही विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले.

पुढे मदरशात बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग कोसळला. आज तिथे एकच मिनार उभा आहे. त्यावरच्या निळ्या-हिरव्या फरशा अजून दिसतात.

नव्या घरात खोकं उघडलं, तेव्हा मनात आलं, यातलं दुसऱ्यासाठी काय आहे? खरं सांगायचं तर काहीच नव्हतं. कॉलेजची पुस्तकं तीन वर्षं नुसती माझ्यासोबत फिरत होती. बारा वेगळी काढली आणि खालच्या मजल्यावरच्या अकरावीतल्या मुलीला दिली. एक देताना हात अडखळला, तीच तिने आधी उघडली.

या रविवारी मुलांना घेऊन घरातलं कपाट उघडा. कोणतं पुस्तक कुणाला द्यायचं, ते त्यांनाच ठरवू द्या.